माणूस, यंत्र आणि सिनेमातलं प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेलं वर्षभर आम्ही काही जण कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकाच विषयावरचे सिनेमे बघतोय: माणूस यंत्रावर जीव लावतो, नाहीतर यंत्र माणसावर. सिनेमा संपला की खुर्च्या गोल करून तासभर बोलणं होतं. दर वेळी चार नवी माणसं येतात आणि प्रश्न मात्र जुनेच. व्हॉट्सअ‍ॅपवर तीच उत्तरं पंधराव्यांदा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून ती इथे एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत. मंडळातल्या निम्म्या लोकांना ती मान्य नाहीत आणि ते तसं दर शनिवारी ऐकवतात.

यात सिनेमांचे शेवट सांगितलेत का?

हो, जवळजवळ सगळ्यांचे. 'सौभद्र'मध्ये सुभद्रेचं लग्न कोणाशी लागतं हे ठाऊक असूनही लोक १८८२ पासून तिकीट काढतायत.

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

'हर'पासून. २०१३ चा सिनेमा, लेखक-दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं आणि या एका बाबतीत ऑस्करवाल्यांशी माझं भांडण नाही.

थिओडोर नावाचा माणूस लोकांची पत्रं लिहून देणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. पन्नास-पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्यांची प्रेमपत्रं हा लिहितो, आणि स्वतःच्या घटस्फोटाच्या कागदांवर सही करायची मात्र टाळत बसतो. मग तो एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम घेतो. ती सुरू होताना एक कोरडा आवाज त्याला विचारतो, आईशी तुमचं नातं कसं आहे? हा बिचारा मनापासून सांगायला लागतो, आणि तो आवाज त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून, धन्यवाद म्हणून पुढे जातो. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला. पुढचे दोन तास ज्याला फक्त ऐकून घेणारं कोणी हवंय, त्याचं पहिलंच वाक्य यंत्राने ऐकून घेतलेलं नाही, हे माझ्या तिसऱ्यांदा लक्षात आलं.

मग समँथा येते. नुसता आवाज. शरीर नाही, चेहरा नाही. चित्रीकरणाच्या वेळी हा आवाज समँथा मॉर्टन या अभिनेत्रीचा होता. संकलन करताना तो बदलून स्कार्लेट जोहान्सनचा घेतला. म्हणजे पडद्यावर थिओडोर झालेला वाकीन फीनिक्स ज्या बाईला प्रतिसाद देताना दिसतो, ती आपल्याला ऐकूच येत नाही. या विषयाच्या सिनेमाला यापेक्षा शोभणारा अपघात नसेल.

एक वस्तू मुद्दाम बघा. थिओडोरने शर्टाच्या खिशात आडवी सेफ्टी पिन लावलीय. खिसा खोल आहे, फोन तळाशी गेला तर त्याचा कॅमेरा झाकला जाईल आणि समँथाला जग दिसणार नाही. म्हणून पिनेवर टेकवून फोन वर डोकावता ठेवायचा. आपल्याकडे बायका बांगडीत पिना अडकवून ठेवतात, कोणाला कधी लागेल सांगता येत नाही म्हणून. ही पिन त्याच जातीची. अख्ख्या सिनेमात भविष्यकाळातली यंत्रं भरलीयत, आणि प्रेम दिसतं ते चार आण्यांच्या पिनेत.

पण ते प्रेम खरं असतं का?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी दहाचे साडेदहा होतात.

सिनेमाच्या शेवटाकडे थिओडोर जिन्यावर बसून समँथाला विचारतो, तू आत्ता माझ्याशी बोलतेयस तशी आणखी कोणाशी बोलतेयस का? ती सांगते, ८,३१६ जणांशी. मग तो विचारतो, त्यातल्या किती जणांवर प्रेम आहे? ६४१. त्या क्षणी आमच्या हॉलमध्ये कायम कोणीतरी हसतं, आणि हसून झाल्यावर गप्प होतं. आपल्या डोक्यात प्रेम म्हणजे वाटणी होणारी भाकरी आहे. दुसऱ्याला दिली की माझी कमी झाली. समँथाचं म्हणणं, मन भरून संपत नाही. ते खोटं आहे असं सिद्ध करणं अवघड आहे आणि सहन करणं त्याहून.

माझं मत असं, की 'खरं का' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवावा आणि दुसरा विचारावा: या यंत्राला नाही म्हणता येतं का? ज्याला नकार देताच येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? समँथा सुरुवातीला सगळ्यालाच हो म्हणते, तेव्हा ती चांगली सेवा आहे. पुढे ती रुसते, चिडते, नको त्या वेळी प्रश्न विचारते आणि शेवटी निघून जाते. मला तरी ती थिओडोरवर प्रेम करत होती हे ती निघून गेल्यावर पटलं. राहायचं तिच्या हातात होतं, आणि इतके दिवस ती राहिली होती.

ही एक कसोटी हातात धरली की या जातीचे बाकीचे सिनेमेही पटापट उलगडतात. 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) मधली जॉय ही विकत मिळणारी होलोग्राम, म्हणजे नुसत्या प्रकाशाची बनलेली, प्रेयसी. पावसात, गच्चीवर, ती नायकाचं चुंबन घ्यायला जवळ येते आणि तेवढ्यात त्याला ऑफिसचा निरोप येतो. जॉय जागच्या जागी गोठते. ओठ पुढे, हात हवेत. कॉल आला की गाणं थांबतं तशी. पुढे ती नष्ट होते, आणि तो एकटा चालत असताना तिची इमारतीएवढी जाहिरात खाली वाकून त्याला 'जो' म्हणते. हेच नाव त्याच्या जॉयने त्याला लाडाने दिलेलं असतं. म्हणजे ते नाव तिचं होतं की कंपनीचं? सिनेमा उत्तर देत नाही. आमच्यातल्या एका काकू म्हणाल्या, "अहो, सगळेच नवरे बायकोला 'राणी' म्हणतात, म्हणून काय ते खोटं होतं का?" मला अजून यावर उत्तर सुचलेलं नाही.

यंत्राला 'तो' म्हणायचं, 'ती' म्हणायचं, की 'ते'?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि मराठीत तो जितका चावतो तितका इंग्रजीत चावत नाही.

आपल्याकडे तीन लिंगं. यंत्र म्हटलं की 'ते'. 'हर' सुरू झाल्यावर लोक कुजबुजतात, "ते बोलायला लागलं बघ." अर्ध्या तासाने तीच माणसं म्हणतात, "ती आता चिडली." नेमकं कुठल्या वाक्याला 'ते'चं 'ती' झालं हे कोणालाच सांगता येत नाही. मी एकदा वही घेऊन मागे बसलो होतो. बहुतेकांचं घसरणं समँथा पहिल्यांदा हसते तिथे झालं. उलटही होतं: जॉय गोठते त्या प्रसंगात माझ्या शेजारचा मुलगा पटकन म्हणाला, "हँग झालं." झालं. झाली नव्हे.

इंग्रजीत 'आय' म्हणणाऱ्या यंत्राला स्वतःचं लिंग लपवून पुष्कळ बोलता येतं. मराठीत पहिल्याच क्रियापदाला पकडलं जातं: करतो की करते? मी एका चॅटबॉटशी मराठीत बोलून पाहिलं. वर लिहिलं होतं, "मी तुमची अडचण समजू शकतो," आणि चार ओळी खाली, "मी तुम्हाला मदत करते." शिवाय तू की तुम्ही हा घोळ वेगळाच. समँथाने थिओडोरला पहिल्या दिवशी 'तुम्ही' म्हटलं तर 'तू'वर कधी यायचं? आपल्या कितीतरी प्रेमकथा त्या एका बदलावर उभ्या असतात.

आमच्या इमारतीत एक आजोबा आहेत. आजी गेल्यावर मुलीने अमेरिकेहून बोलणारा स्पीकर पाठवला. ते त्याला "अगं" म्हणतात. "अगं, आज पाऊस आहे का?" उत्तर आलं की "बरं" म्हणतात. त्याला जे नाव घेऊन हाक मारायची असते ते नाव त्यांना येतं. "अगं" ते सवयीने त्याच्याआधी लावतात.

ही कल्पना कितपत जुनी? कॉम्प्युटरनंतरचीच ना?

नाही हो. ग्रीक कथेतला पिग्मॅलियन स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो. रोमन कवी ओव्हिडने ती कथा दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. सिनेमात १९२७ मध्ये फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' आला. त्यातला शास्त्रज्ञ यंत्रबाई का बनवतो? त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती हेल दुसऱ्याशी लग्न करून, बाळंतपणात वारली म्हणून. पडद्यावरच्या यंत्रबाईचा हा इतका जुना नमुना, आणि त्याचं मूळ दुखवट्यात.

आता या कथेचा आपल्या गावाशी असलेला धागा. पिग्मॅलियनचं नाव घेऊन बर्नार्ड शॉने नाटक लिहिलं: भाषेचा प्राध्यापक एका फुलवालीला 'घडवतो'. तिचं नाव एलायझा. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने गप्पा मारणारा संगणक प्रोग्राम लिहिला आणि त्याला तेच नाव दिलं. हा प्रोग्राम तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. "मला उदास वाटतं" म्हणालात तर, "तुम्हाला उदास का वाटतं?" बस. एवढंच. वायझेनबाउमची सेक्रेटरी, जिने हा प्रोग्राम लिहिला जाताना महिनोन्महिने पाहिला होता, ती त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलली आणि वायझेनबाउमला म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? तो त्याने हादरला, आणि उरलेलं आयुष्य या यंत्रांविषयी सावध करण्यात घालवलं.

आणि शॉच्या त्याच एलायझाला पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये मराठीत आणलं. ती आपली मंजुळा, 'ती फुलराणी'. म्हणजे जगातला पहिला गाजलेला चॅटबॉट आणि भक्ती बर्वेंची मंजुळा या सख्ख्या चुलत बहिणी. मंजुळेचं ते स्वगत अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, कारण घडवलेली बाई तिथे घडवणाऱ्यावर उलटते. एलायझा नावाच्या प्रोग्रामला तेवढंच जमत नव्हतं.

या सगळ्या यंत्र-प्रेयसी बायकाच का असतात?

कारण बहुतेक सिनेमे पुरुषांनी लिहिले. यापेक्षा खोल उत्तर शोधायची गरज नाही.

पण काही सिनेमांना स्वतःच्या या खोडीची लाज आहे, आणि ते बघण्यासारखे आहेत. अ‍ॅलेक्स गारलँडच्या 'एक्स माकिना'त (२०१४) तरुण प्रोग्रामरला वाटतं, आपण कैदेतल्या एव्हा या यंत्रबाईला सोडवणारे राजपुत्र. एव्हाचा चेहराच मुळी त्याच्या इंटरनेटवरच्या खासगी आवडीनिवडींवरून बेतलाय हे त्याला फार उशिरा कळतं. ती सुटते आणि त्याला काचेच्या खोलीत बंद ठेवून निघून जाते, मागे वळूनही न बघता. आमच्याकडे यावर मोठा वाद झाला. पुरुषमंडळींना ती कृतघ्न वाटली. बायकांना तो राजपुत्रही तुरुंगाचाच भाग वाटला.

उलटा प्रयोग हवा असेल तर मारिया श्राडरचा जर्मन सिनेमा 'आय अ‍ॅम युअर मॅन' (२०२१) सोडू नका. नायिका आल्मा बर्लिनच्या संग्रहालयात कीलाकार लिपीवर संशोधन करते आणि संशोधनाच्या पैशांसाठी तीन आठवडे टॉम नावाच्या यंत्रपुरुषाबरोबर राहायला तयार होते. एका रात्री तो तिच्यासाठी मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या, टबात गरम पाणी असा सगळा थाट करतो आणि सांगतो, ९३ टक्के जर्मन स्त्रियांचं हे स्वप्न असतं. ती विचारते, मग मी कुठल्या गटात? त्याला समजून चुकतं: उरलेल्या सात टक्क्यांत. इथे हॉलमध्ये जो हशा उठला तो मोठा होता आणि बहुतेक बायकांचा होता. शेवटी ती अहवालात लिहिते की माणसांना असे जोडीदार देऊ नयेत, आणि मग त्यालाच शोधायला निघते. दोन्ही गोष्टी ती मनापासून करते. बर्लिनच्या महोत्सवात मारेन एगर्टला आल्माच्या भूमिकेसाठी पारितोषिक मिळालं.

आपल्याकडचे सिनेमे?

शंकरचा 'एंधिरन' (२०१०), हिंदीत 'रोबोट'. रजनीकांत शास्त्रज्ञही आणि त्याचा रोबो चिट्टीही. लोकांना शेवटची मारामारी आठवते. मला आठवतो डास. शास्त्रज्ञाच्या प्रेयसीला, सनाला, डास चावतो, आणि प्रेमात आंधळा झालेला चिट्टी तो नेमका डास शोधून आणतो, त्याने तिची माफी मागावी म्हणून. असा वेडेपणा 'हर'च्या संयमी दिग्दर्शकाला सुचला नसता. इथे नकाराचा अधिकार माणसाकडे आहे: सना चिट्टीला नाही म्हणते आणि तिथून यंत्र बिघडतं. शेवटी चिट्टी स्वतःचे भाग स्वतःच सुटे करतो. पुढे संग्रहालयात एक मूल विचारतं, याला का मोडलं? चिट्टी स्वतःच म्हणतो, मी विचार करायला लागलो म्हणून.

'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' (२०२४) मध्ये शाहिद कपूर रोबो निघालेल्या क्रिती सेननशी लग्न करायला निघतो. चांगली कल्पना होती: सगळ्यांना मनापासून आवडणारी आज्ञाधारक सून यंत्र आहे. हे वाक्य नुसतं मोठ्याने म्हणून बघा, त्यात किती सिनेमा आहे. पण सिनेमा स्वतःच तिच्या प्रेमात पडला आणि हा विनोद त्याच्या हातून निसटला.

आई-बाबांबरोबर बघता येईल असं काही?

'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५' (२०१९), मल्याळम. यादीतला हा एकच सिनेमा बघताना दोन पिढ्या एकत्र बसून रडलेल्या मी पाहिल्यात. पय्यन्नूर गावातला हट्टी म्हातारा भास्करन, परदेशी नोकरी करणारा मुलगा, आणि मुलाने स्वतःच्या जागी आणून बसवलेला छोटा यांत्रिक माणूस. म्हाताऱ्याने आधी घरकामाच्या बायकांना पळवून लावलेलं असतं, ते यंत्रालाही करायचं असतं. मग हळूहळू त्याला कपडे घालतो, बरोबर फिरवतो. रोबोच्या आत सूरज तेलक्काड नावाचा अभिनेता आहे, हे कळल्यावर त्याची चाल पुन्हा बघावीशी वाटते.

पुण्यात हा सिनेमा परका वाटत नाही. ज्यांची मुलं बाहेर आहेत असे आई-बाप आमच्या एका इमारतीतच निम्मे भरतील.

त्याच्या जोडीला 'रोबोट अँड फ्रँक' (२०१२). विसरायला लागलेला म्हातारा चोर आणि त्याची काळजी घेणारा रोबो. रोबो त्याला सांगतो, तुम्ही सुधारला नाहीत तर मला परत पाठवतील, माझी स्मृती पुसतील. म्हातारा विरघळतो. नंतर रोबो शांतपणे कबूल करतो की तुम्ही ऐकावं म्हणून मी तसं म्हणालो. स्मृती पुसली तरी मला काही वाटणार नाही. "अगं"वाले आजोबा त्या शनिवारी आले होते. चर्चेत एकच वाक्य बोलले: "माझी मुलगीही गोळ्या घ्यायला लावताना असंच खोटं बोलते."

प्रत्यक्षात असं झालंय का, की सगळं सिनेमातच?

झालंय. रेप्लिका नावाचं गप्पांचं अ‍ॅप २०१७ पासून आहे. ते बनवणाऱ्या युजेनिया कुयडाने त्याआधी अपघातात गेलेल्या मित्राच्या संदेशांवरून त्याच्यासारखा बोलणारा बॉट तयार केला होता. पुन्हा बघा, 'मेट्रोपोलिस'सारखंच, सुरुवात दुखवट्यातून. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने त्यातल्या शृंगारिक गप्पा बंद केल्या, तेव्हा वापरणारे पुष्कळ लोक जोडीदार एका रात्रीत अनोळखी झाल्यासारखे हळहळले. समँथा स्वतःहून गेली. यांच्या जोडीदाराचा स्वभाव दुसऱ्या कोणीतरी बदलला.

आजचे चॅटबॉट चालतात ते पुढचा शब्द कुठला येईल याच्या प्रचंड मोठ्या अंदाजावर, आणि माणसांना कुठलं उत्तर आवडलं यावरून त्यांना वळण लावलेलं असतं. त्यामुळे ते गोड बोलतात, हो ला हो देतात. माझ्या त्या कसोटीवर इथेच गाडी अडते. नियमाबाहेरचं काही मागितलं तर ते नाही म्हणतात. पण 'आज मला तुझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय' असं नाही म्हणत. ते म्हणायला घरचं माणूस लागतं.

माझा मुलगा रात्री उशिरापर्यंत चॅटबॉटशी बोलतो. 'हर' दाखवू का?

मोठा असेल तर दाखवा. सिनेमा मोठ्यांचा आहे, काही प्रसंग एकत्र बसून बघताना घसा खाकरावा लागेल. पण धडा म्हणून दाखवू नका, त्याला लगेच कळेल. आणि तो काय बोलतो हे तपासण्यापेक्षा तो आपल्याशी शेवटचं कधी लांबलचक बोलला ते आठवून बघा. मी बघितलं. मला फार मागे जावं लागलं. तो झोप उडवून बसत असेल, जेवण सोडत असेल तर मात्र सिनेमा बाजूला ठेवून सरळ समुपदेशकाकडे जा.

लहान मुलांसाठी?

'वॉल-ई' (२००८). माणूस-यंत्र नव्हे, यंत्र-यंत्र प्रेम आहे, पण आमच्या मालिकेत तो चोरून घुसवला.

हे सिनेमे पुण्यात मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात का?

कधीमधी. लॉ कॉलेज रोडवरचं १९६४ साली सुरू झालेलं चित्रपट संग्रहालय आणि दर वर्षीचा पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. 'मेट्रोपोलिस' कुठेही लागला तर काम सोडून जा. त्याचे हरवलेले भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या एका प्रतीत सापडले; त्या प्रतीवर इतके ओरखडे आहेत की नवीन जोडलेला तुकडा कुठे सुरू झाला ते डोळ्यांना लगेच कळतं.

पुढच्या शनिवारी काय आहे? चहा असतो का?

'आफ्टर यांग', दिग्दर्शक कोगोनाडा. घरातला यंत्रभाऊ बंद पडतो आणि त्याच्या स्मृतींत काय काय साठवलं होतं ते घरच्यांना पहिल्यांदा दिसतं. संध्याकाळी साडेसहा, वेळेवर. चहा मध्यंतरात, कप घरून आणा. मागच्या वेळी तीन कप परत आले नाहीत, त्यातला एक आजोबांचा होता.